सिस्टर फिलोमिना यांची रद्द झालेली बदली

आई योगेश्वरीच्या चरणी मस्तक ठेवतो, परळीच्या वैजनाथाचे स्मरण करतो आणि दीपावलीच्या या मंगल पर्वावर वाचकांच्या सेवेस हे अनुभवकथन सादर करतो. ज्या वाणीने आयुष्यभर माझे पोट भरले, ती आज लिहितानाही शुद्ध राहो आणि कोणाविषयी अधिक-उणे तिच्यातून न जावो, एवढीच त्या जगन्मातेकडे प्रार्थना.

अंकाच्या संपादकांनी मला आमच्या गावच्या कॉन्व्हेंट शाळेचा इतिहास लिहिण्यास सांगितले. पाठशाळेत शिकलेला, त्रिकाळ संध्या करणारा मी ब्राह्मण त्या शाळेत संस्कृत शिकवीत म्हातारा झालो, हे त्यांना ठाऊक असल्यामुळे ही आज्ञा झाली असावी. परंतु सनावळीचा इतिहास मला लिहिता येणार नाही. शाळेच्या मुख्याध्यापिका सिस्टर फिलोमिना यांची बदली रद्द करण्यासाठी आमचे गाव उठले, आणि त्या प्रेमापायी त्यांच्या जन्मभराच्या व्रतालाच डाग लागण्याची वेळ आली, तो प्रसंग मात्र मला सांगता येईल. मनावरचे ओझे उतरल्यावर माणूस जसा मोकळा बोलतो, तसा आज मी तो सांगू शकतो.

आमचे गाव गेवराईच्या पुढे महामार्गाला लागून आहे. बाजाराचे मोठे गाव, पण ग्रामपंचायतीचेच. गावाबाहेरच्या माळावर एक जुनी, बंद पडलेली कापसाची जिनिंग होती. तिच्या आवारात फार पूर्वी काही सिस्टर येऊन राहिल्या. ख्रिस्ती संन्यासिनींना आपल्याकडे सिस्टर म्हणतात. गावाच्या तोंडी शिष्टर. आरंभी त्यांचा केवळ दवाखाना होता. बाळंतपणे, विंचूदंश, लेकरांचे ताप. शाळा काढण्याचा त्यांचा विचारही नव्हता असे म्हणतात.

शाळा निघाली ती ऊसतोडीमुळे. आमच्या भागातली पुष्कळ कुटुंबे दसऱ्यानंतर ऊस तोडण्यासाठी दूरच्या कारखान्यांवर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुले बरोबर नेली तर शाळा बुडते. मुली मागे ठेवाव्या तर सांभाळणार कोण? एके वर्षी दवाखान्यात ओळख झालेल्या एका बाईने ट्रकमध्ये चढता चढता आपली मुलगी सिस्टरांच्या हाती दिली. पुढच्या वर्षी आणखी बायका आल्या. मुलींना झोपायला जागा हवी म्हणून वसतिगृह झाले आणि दिवसभर त्यांनी करायचे काय म्हणून शाळा झाली. पुढे शाळेत इंग्रजी उत्तम शिकवितात असा बोलबाला झाला, तेव्हा पेठेतल्या वाण्यांनी आणि बागाईतदारांनीही आपली मुले घातली. टोळ्या नेणाऱ्या मुकादमाची मुलगी आणि त्याच्याच टोळीतल्या कोयत्याची, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्याची, मुलगी एका बाकावर बसून एका डब्यात जेवताना मी पाहिल्या आहेत. हे ज्या शाळेत घडते तिचा इतिहास याहून वेगळा काय लिहायचा?

सिस्टर फिलोमिना केरळातून कोवळ्या वयात इकडे आल्या. मराठी त्या पुस्तकातून शिकल्या नाहीत. दवाखान्याच्या ओट्यावर बसलेल्या बायकांकडून शिकल्या. त्यामुळे त्यांची मराठी अस्सल आमच्या मातीतली होती, केवळ तिला मल्याळी हेल होता. आठवीपासून संस्कृत सुरू करायचे ठरले, तेव्हा त्या माळावरून चालत माझ्या दारी आल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, पोरींना संस्कृत शिकवायचं हाय. लई लोक सांगतात, तुमच्यासारखं उच्चार कुणाचं न्हाई."

मी विचारात पडलो. गावात थट्टा सुरूही झाली होती. पारावरचा एक स्नेही मला म्हणाला, "शास्त्रीबुवा, जा जा. आठवड्याभरात जानव्याला क्रूस लटकवून येताल!" माझी धर्मपत्नी शांतपणे तांदूळ निवडीत होती. ती म्हणाली, "विद्या द्यायला निघालात ना? मग घेणाऱ्याच्या घरात कोणता देव आहे, याची चौकशी कशाला?" मी दुसऱ्या दिवशी रुजू झालो.

पहिल्या दिवसांत मी पाणी घरून नेत असे. सिस्टरांनी ते पाहिले. काही दिवसांनी आवारातल्या आडाजवळच्या कट्ट्यावर एक घासलेला तांब्याचा तांब्या आणि दोर दिसला. "तुमचा हाय. तुमीच भरा, तुमीच प्या," एवढेच त्या म्हणाल्या. दुसऱ्याचा आचार न पटताही त्याचा मान राखणे, हे मी पाठशाळेत ऐकले होते. पाहिले ते येथे. पुढे त्यांच्या स्वयंपाकघरातला चहाही मी घेऊ लागलो, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

माझ्या व्यवसायाविषयी बाहेरच्या वाचकांना थोडे सांगावे लागेल. संस्कृत शिकविणे म्हणजे आरंभी तरी अर्थ शिकविणे नव्हे. कान आणि जीभ तयार करणे होय. शब्दांची रूपे तालात म्हणवून घ्यायची, ती इतकी की मुलगी भांडी घासतानाही म्हणू लागली पाहिजे. मग हळूहळू वाक्य तिच्यापुढे आपोआप उलगडते. या पद्धतीमुळे घराघरांत जे होई, त्याचा निवाडा मात्र माझ्याकडे येत असे. एकदा एक बागाईतदार मोटारसायकल थेट व्हरांड्यापर्यंत आणून उभे राहिले.

"सर, मी पोरगी कावून घातली इथं?"

"शिक्षणासाठी," मी म्हणालो.

"इंग्रजीसाठी! अन् ती घरी येऊन काय म्हनती? रामः रामौ रामाः! माझा बाप खूश होऊन तिला रोज खाऊ देतोय. आवं, हे तर आमच्या मारुतीच्या देवळात फुकट मिळालं असतं!"

सिस्टर फिलोमिना मागे उभ्या होत्या. त्या गंभीरपणे म्हणाल्या, "मिळालं असतं ना? मग तुमी कावून न्हाई शिकलात?" ते गृहस्थ मनापासून हसले आणि जाताना माझ्या पाया पडून गेले. त्यांची कन्या आज अंबाजोगाईस डॉक्टरकीच्या शिक्षणात आहे.

याच्या उलटही पालक भेटत. एक वाणी गृहस्थ, कडक शिवभक्त, अत्यंत सौजन्याने विचारावयास आले की सकाळच्या प्रार्थनेत त्यांच्या मुलीने काय करावे. सिस्टर म्हणाल्या, "हात जोडावे, डोळे मिटावे. आत कुणाचं नाव घ्यायचं ते तिचं तिनं ठरवावं. तिथं आमाला दिसत न्हाई." पुढे त्या मुलीच्या गळ्यातले लिंग आणि सिस्टरांच्या गळ्यातला क्रूस एकाच प्रांगणात नित्य एकमेकांसमोर येत राहिले आणि कोणालाही अडचण वाटली नाही.

आता मुख्य प्रसंगाकडे येण्यापूर्वी सिस्टरांचा एक नेम सांगितला पाहिजे, कारण पुढचा सर्व घोटाळा त्यावर उभा आहे. एकदा तपासणीसाठी आलेल्या एका अधिकाऱ्यांनी वसतिगृहातल्या एका त्रुटीबद्दल सर्व शिक्षकांसमोर सिस्टरांची कठोर शब्दांत हजेरी घेतली. त्रुटी त्यांची नव्हती. त्या आजारी असताना दुसऱ्या कोणाकडून ती राहून गेली होती. त्या मान खाली घालून उभ्या राहिल्या. अधिकारी बाहेर पडल्यावर मी न राहवून विचारले, "आपण बोलला का नाहीत?"

त्या म्हणाल्या, "गुरुजी, आमच्या जुन्या मदरनी घालून दिलेला नेम हाय. आपल्यावर आळ आला तर आपण तोंड उघडायचं न्हाई. खरं असंल तर सोसायचं, खोटं असंल तर देव बघंल. पण दुसऱ्यावर खोटा आळ आला, तर मात्र गप बसायचं न्हाई. गप बसलं तर ते पाप."

मी तत्काळ व्हरांडा उतरून, निघण्याच्या बेतात असलेल्या त्या अधिकाऱ्यांच्या जीपपर्यंत गेलो आणि खरे काय ते त्यांस सांगितले. नेमाचा पूर्वार्ध सिस्टरांनी पाळला होता. उत्तरार्ध पाळण्याची संधी मला मिळाली, असे मी मानले.

अशा या सिस्टरांची एके दिवशी बदली झाली. त्या व्रतस्थ स्त्रियांची बदली म्हणजे शासकीय बदली नव्हे, हे येथे ध्यानात घ्यावे. दीक्षेच्या वेळी त्या आज्ञापालनाचे व्रत घेतात. त्यांच्या संघाच्या आपल्या विभागातल्या सर्व मठांवर एक प्रमुख असतात, त्यांना मदर प्रोव्हिन्शियल म्हणतात. त्यांनी सांगितले की निघायचे. कोठे, का, किती काळ, हे विचारावयाचे नाही. सिस्टर फिलोमिनांनी त्याप्रमाणे आपली पेटी बांधावयास घेतली. त्यांना विदर्भातल्या एका आडगावी, नव्याने सुरू होणाऱ्या मुलींच्या वसतिगृहावर जायचे होते.

माजी विद्यार्थिनींच्या व्हॉट्सॲपवर ही वार्ता फिरली, आणि गावाला जे एक शास्त्र उत्तम अवगत आहे, ते त्याने बाहेर काढले. आमच्याकडे चांगला तलाठी, चांगला डॉक्टर, चांगला मास्तर यांची बदली झाली की गाव पुढाऱ्याकडे जाते, पुढारी वर फोन लावतो, गाव महामार्गावर बसते आणि बदली रद्द होते. यात कोणाला काही वावगे वाटत नाही. किंबहुना ज्याच्या बदलीसाठी रस्ता अडवला गेला नाही, त्या अधिकाऱ्याची आमच्याकडे किंमत राहत नाही.

आमचे पुढारी म्हणजे उत्तमबापू. सरपंच त्यांच्या पत्नी सुमनताई; जागा महिलेसाठी राखीव असल्यामुळे सही ताईंची आणि शब्द बापूंचा, ही व्यवस्था सर्वांच्या अंगवळणी पडलेली. बापू मनाने उदार. त्यांच्या दोन्ही मुली आमच्या शाळेतल्या. त्यांनी कोणालाही न विचारता बिशपांच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रांताच्या प्रमुखांच्या, कार्यालयात फोन केला, मग एका मंत्र्यांच्या स्वीय सहायकांकडून करविला, मग गावकऱ्यांना घेऊन फाट्यावर रस्ता अडवून बसले. त्या बैठकीच्या चित्रफिती जिल्हाभर फिरल्या. आणि प्रत्येक फोनवर, प्रत्येक चित्रफितीत बापू एक वाक्य न चुकता बोलले: "शिष्टरची पण हीच इच्छा हाय."

हे वाक्य बापू प्रत्येक बदलीच्या वेळी बोलत. तलाठ्यासाठी बोलले होते, डॉक्टरांसाठी बोलले होते. त्याशिवाय फोनला वजन येत नाही, असा त्यांचा अनुभव. परंतु तलाठ्याला राहावेसे वाटणे हा गुन्हा नाही. संन्यासिनीने बाहेरच्या लोकांकरवी वजन आणून आज्ञा मोडू पाहणे मात्र व्रतभंग आहे. मठातल्या एक धाकट्या सिस्टर डोळे पुशीत माझ्याकडे आल्या, तेव्हा मला हे प्रथम कळले. मदरांनी फोनवरून सिस्टर फिलोमिनांना एवढेच विचारले होते, "हे तुमच्या सांगण्यावरून होत आहे का?" सिस्टर म्हणाल्या होत्या, "मदर, तुम्ही या आणि बघा." यापलीकडे स्वतःच्या बाजूने एक अक्षर नाही. आता मदर स्वतः यावयास निघाल्या होत्या. जन्मभर निष्कलंक राहिलेल्या व्रतावर संशय घेऊन त्या परतल्या, तर सिस्टर कोठेही गेल्या तरी तो डाग त्यांच्या पुढे पुढे जाणार होता.

मी सिस्टरांकडे गेलो. त्या वसतिगृहात मुलींच्या चादरींच्या घड्या घालीत होत्या.

"आपण एकदा स्पष्ट सांगा. माझ्यासाठी सांगा," मी म्हणालो.

"गुरुजी, तुमी पन?" त्या हसल्या. "मी बोलले तर काय होईल? बापूवर जाईल ना सगळं. त्यांनी मायेनं केलंय."

मग मी बापूंकडे गेलो. ते ओसरीवर चहा पीत, चित्रफितीला किती लोकांनी पसंती दिली ते पाहत बसले होते. आत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी सुमनताई शेंगा फोडीत होत्या. मी सर्व समजावून सांगितले आणि विनंती केली, "मदर येतील तेव्हा सर्वांदेखत एवढेच म्हणा की सिस्टरांची इच्छा आम्ही विचारलेलीच नव्हती."

बापू अस्वस्थ झाले. "शास्त्रीजी, तुमचा मान राखून सांगतो. मी माईकवर बोललेला शब्द माईकवर परत घ्यायचा? उद्या ग्रामसेवक तरी माझं ऐकंल का? इरोधक तर फटाके उडवतील."

"प्रश्न आपल्या शब्दाचा नाही. एका साध्वीच्या नावाचा आहे."

"मदरला मी आत बोलावून हळूच सांगतो की."

"हळूच सांगितलेले मदर मानतील, गाव मानणार नाही. चित्रफितीने गेलेले हळूच परत येत नाही."

ते पुन्हा फोनकडे पाहू लागले. सुमनताईंच्या हातातली शेंग फुटल्याचा आवाज तेवढा आला. मी उठलो.

मदर आल्या त्या दिवशी शाळेचे सभागृह गच्च भरले होते. मदर वसईकडच्या, शांत, उंच, बारीक चष्म्याच्या, आणि मराठी उत्तम. व्यासपीठावर त्या, सिस्टर फिलोमिना, बापू, सुमनताई आणि ज्येष्ठ शिक्षक या नात्याने मी. बायका जमिनीवर, पुरुष भिंतीला टेकून. पारावरचे माझे स्नेहीही आले होते.

बापूंनी नेहमीप्रमाणे प्रास्ताविक केले. दवाखान्यापासून आरंभ करून, ऊसतोडीच्या मुलींपर्यंत येत, त्यांनी सिस्टरांच्या कार्याचे जे वर्णन केले, त्यातला शब्द न् शब्द खरा होता. शेवटी ते म्हणाले, "म्हणून गावाची एकच मागणी हाय. ही बदली रद्द झाली पाहिजे." टाळ्या झाल्या.

मदर उभ्या राहिल्या. "तुमचं प्रेम मी पाहते आहे. मला एकच विचारायचं आहे. बापू, तुम्ही आमच्या बिशपांना कळवलंत की सिस्टरांचीही हीच इच्छा आहे. त्यांनी तुम्हाला तसं सांगितलं होतं?"

बापूंनी खांद्यावरचा रुमाल सारखा केला. मदर सिस्टरांकडे वळल्या. "सिस्टर, तुम्ही सांगितलं होतं?"

सिस्टर फिलोमिना मान खाली घालून बसल्या होत्या. त्या बोलल्या नाहीत. त्यांच्या मौनाचा नेम मला ठाऊक होता, धाकट्या सिस्टरांना ठाऊक होता. गावाला ठाऊक नव्हता. मागून कोणी तरी कुजबुजले, "म्हंजे सांगितलंच असंल की." मदरांच्या चेहऱ्यावर एक सावली आली. मी उठू लागलो.

बापू माझ्या आधी बोलले. ते घसा खाकरून म्हणाले, "आता इच्छा म्हंजे... इच्छा सांगावी लागती का, मदर? चेहऱ्यावरनं कळती. माणूस इतकी वर्सं राहिल्यावर..."

"विचारलं होतं का, एवढंच सांगा," मदर म्हणाल्या.

"आता तसं शब्दात म्हणाल तर..."

"न्हाई विचारलं."

आवाज बापूंचा नव्हता. सुमनताई उभ्या राहिल्या होत्या. इतक्या वर्षांत या व्यासपीठावर त्यांनी नारळ फोडले होते, फीत कापली होती, हार स्वीकारले होते. बोलल्या कधीच नव्हत्या. पदर सावरून, माईकच्या बरेच लांबून, पण सर्वांना ऐकू जाईल असे त्या बोलल्या.

"मी सरपंच हाय. शिष्टरला आमी काहीच विचारलं न्हाई. शिष्टरनी आमाला काहीच सांगितलं न्हाई. ह्यांना फोनवर तसं बोलायची सवय हाय. तलाठ्याच्या वेळी बी असंच बोलले. तो तलाठी तर जायला तयार बसलता, त्याच्या बायकोनं मला तसं सांगितलतं!"

कोणी तरी खुदकन हसले. मग सगळी बायकांची बाजू हसू लागली. बापूंनी पत्नीकडे पाहिले. त्या दृष्टीत काय होते, ते मला सांगता येणार नाही. सुमनताईंनी मात्र पुढे सांगितले, "मदर, मला सही शिष्टरनी शिकवली. बायांच्या संध्याकाळच्या वर्गात. त्या म्हनायच्या, दुसऱ्यावर खोटा आळ आला अन् आपुन गप बसलो तर पाप लागतं. मी लई बसले गप. आज न्हाई बसत."

त्या बसल्या. मान ताठ होती.

आता सारे बापूंकडे पाहू लागले. मी मनात देवीचे नाव घेतले. बापू पुढारी होते आणि पुढाऱ्याला आपल्याच घरातून झालेला विरोध फार लागतो. क्षणभर त्यांचा चेहरा लाल झाला. मग त्यांनी खांद्यावरचा रुमाल झटकला, माईक ओढून घेतला आणि म्हणाले, "सरपंच बोलल्या म्हंजे ग्रामपंचायतीचा ठराव झाला. मी काय, साधा नवरा हाय!" हशा ओसरल्यावर ते वेगळ्याच, मऊ आवाजात म्हणाले, "मदर, खरं हाय. शिष्टरला ह्यातलं ठाऊक बी नव्हतं. आमच्यात असंच बोलतात. तुमच्यात त्याचा एवढा अर्थ होतो, हे आमाला कुठं माहीत? त्यांच्यावर काही घेऊ नका. घ्यायचं तर माझ्यावर घ्या."

माझ्या छातीवरचा दगड उतरला. मदरांनी चष्मा काढून पुसला. त्या उठून सिस्टरांजवळ गेल्या, त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि त्यांना काही बोलल्या. ते शब्द त्या दोघींचेच राहोत. मग सभेकडे वळून त्या म्हणाल्या, "माझी शंका फिटली. आणि तुमचं प्रेम पाहून मी ठरवलं आहे. सिस्टर आणखी वर्षभर इथेच राहू शकतात. नव्या ठिकाणी मी दुसरी व्यवस्था करते."

जो जयघोष झाला, त्याने सभागृहाचे पत्रे हादरले असतील. माझ्या शेजारी शिक्षकवर्ग रडत होता. बापूंनी तर फोन काढून ही बातमी द्यावयास आरंभही केला होता, तेव्हा सिस्टर फिलोमिना उठल्या.

"मदर, आता मला बोलू द्या," त्या म्हणाल्या. "मला जाऊ द्या."

मग त्या सभेकडे वळल्या.

"इथं शाळा उभी हाय. पोरी हायत, त्यांना बघायला सिस्टर हायत, गुरुजी हायत, अन् आज सरपंच पन बोलायला लागल्यात." पुन्हा थोडे हसू आले. "तिकडं ट्रकमधी चढणाऱ्या बाया आपल्या पोरी कुणाच्या हाती देतील? तिथं अजून कुणीच न्हाई. अन् मी राहिले, तर मला कायम वाटंल की तुमी मला ठेवून घेतलं. मला देवानं पाठवलं म्हणून मी आले होते. त्यानंच पाठवलं म्हणून जाते. आनंदानं जाते. तुमी मला रडत नका पाठवू."

मदरांनी मान डोलावली. बापू फोन हातात तसाच धरून उभे होते. शेवटी ते अगदी खऱ्याखुऱ्या आश्चर्याने म्हणाले, "माझी उभी हयात लोकांच्या बदल्या रद्द करण्यात गेली. बदली रद्द झाल्यावर बी निघालेलं माणूस मी पहिल्यांदा पाहतोय, बे!"

सभेत 'बे' असा शब्द शोभत नाही. पण त्या दिवशी तो कोणालाही खटकला नाही. सिस्टर तर तोंडावर पदर घेतल्यासारखा हात धरून इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. सर्वांनी ते हसण्याचेच पाणी मानले.

सिस्टर नवरात्रापूर्वी गेल्या. मी निवृत्त झालो तो त्यानंतर थोड्याच काळाने. कधी कधी वाटते की त्यांना आणखी वर्षभर पाहावयास मिळाले असते. त्या वियोगाची हुरहूर आहेच, ती नाकारून मी खोटे लिहिणार नाही. परंतु त्याहून मोठे समाधान हे की त्या निर्मळ नावाने गेल्या. तिकडचे वसतिगृह भरल्याचे मदरांनी मला कळविले आहे. तिथल्या बायकांनी आता सिस्टरांना त्यांची बोली शिकवावयास घेतली आहे, असेही ऐकतो. इकडे ग्रामसभेत सुमनताई आता माईकजवळ उभ्या राहून बोलतात आणि बापू खाली पहिल्या रांगेत बसतात. ते तक्रार करतात, पण उठून जात नाहीत.

वाचकहो, ज्या परमेश्वराने भिन्न वेशांतल्या आणि भिन्न नावांनी हाक मारणाऱ्या आम्हा सर्वांना एका आवारात सुखाने ठेवले, तो तुमच्या उंबऱ्यावर सदैव प्रसन्न राहो. तुमच्या घरातली कोणतीही निर्दोष व्यक्ती कधी आळाखाली एकटी उभी न राहो, तिच्या बाजूने बोलणारे तुमच्याच घरात निघोत. तुमच्या लेकीबाळींची वाणी निर्भय होवो, वडीलधाऱ्यांचे मन निश्चिंत राहो, आणि ज्यांना तुम्ही निरोप दिलात ती माणसे जेथे असतील तेथे कुशल असोत. शुभं भवतु.